डोंगर ओलांडून आलेला भिक्खू : ह्युएन त्संग



सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन आपण त्रिरश्मी लेण्यांवर जातो. पायऱ्या चढताना दम लागतो, मध्येच एखाद्या पायरीवर टेकतो, आणि वरचा गार वारा लागला की चढण विसरून जातो. कुणाची सहल वेरूळ-अजिंठ्याला जाते, कुणी बुद्धगया, राजगीर, कुशीनगर, श्रावस्ती करून येतं. आल्यावर विहारात फोटो दाखवले जातात. या ठिकाणांचे पत्ते आज आपल्याला नेमके ठाऊक आहेत. रेल्वेचं तिकीट काढलं की तिथं पोचता येतं. पण दीड-दोनशे वर्षांपूर्वी यातल्या कित्येक ठिकाणांचं नावसुद्धा लोक विसरून गेले होते. ती नावं पुन्हा सापडली, त्यामागे एका परदेशी भिक्खूचे कष्ट आहेत. तो भिक्खू बर्फाचे डोंगर ओलांडून, जीव धोक्यात घालून आपल्या देशात आला, आपल्या महाराष्ट्रातही आला, आणि जे जे पाहिलं ते लिहून ठेवून गेला. त्यांचं नाव भदंत ह्युएन त्संग. चिनी उच्चाराप्रमाणे त्यांना श्वेनझांग असंही म्हणतात. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात सम्राट हर्षवर्धनाच्या धड्यात त्यांचं नाव दोन ओळींत येतं आणि जातं. त्या दोन ओळींमागचा माणूस कसा होता, हे आपल्या घरातल्या मुलांना माहीत व्हावं म्हणून हा लेखप्रपंच.

बालपण आणि प्रव्रज्या

ह्युएन त्संग यांचा जन्म चीनमधील लोयांग शहराजवळ इ. स. ६०२ च्या सुमारास झाला. घराणं शिकलेलं, आडनाव चेन. चार भावांत ते सर्वांत धाकटे. लहानपणीच वडिलांचं छत्र हरपलं. दुसऱ्या क्रमांकाचे भाऊ आधीच भिक्खू झालेले होते. ते या धाकट्याला आपल्याबरोबर विहारात घेऊन गेले आणि तिथंच त्याला धम्माची गोडी लागली.

तेराव्या वर्षाची एक गोष्ट सांगतात. लोयांगमध्ये सरकारमार्फत भिक्खूंची निवड चालू होती. ह्युएन त्संग यांचं वय कमी, म्हणून त्यांना आत प्रवेश नव्हता. पोरगा दारातच उभा राहिला. निवड करणाऱ्या अधिकाऱ्याची नजर त्याच्यावर गेली. भिक्खू कशासाठी व्हायचं आहे, असं त्यानं विचारलं, तेव्हा तथागतांचा धम्म दूरवर पोचवायचा आहे असं उत्तर मिळालं. अधिकारी खूश झाला आणि वयाचा नियम बाजूला ठेवून त्याला श्रामणेर करून घेतलं.

पुढं चीनमध्ये राज्यक्रांती झाली, दुष्काळ पडला, रस्त्यांवर लुटालूट सुरू झाली. दोघे भाऊ आधी चांगआन आणि मग चेंगदू या शहरात गेले. तिथं विसाव्या वर्षी ह्युएन त्संग यांची उपसंपदा झाली. त्यानंतर ते गावोगावच्या विद्वान भिक्खूंकडे शिकत फिरले. पण जितकं शिकत गेले तितकी शंका वाढत गेली. एकाच ग्रंथाची दोन भाषांतरं जुळत नव्हती. एक आचार्य एक अर्थ सांगे, दुसरा दुसराच. खरं काय धरायचं? ऐकलं म्हणून मानायचं, मोठा माणूस सांगतो म्हणून मानायचं, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. मूळ ग्रंथ जिथं आहेत तिथं जायचं, ती भाषा शिकायची, स्वतः वाचायचं असा त्यांनी निश्चय केला. विशेषतः योगाचारभूमिशास्त्र हा मोठा ग्रंथ संपूर्ण मिळवायची त्यांना ओढ होती. त्यासाठी भारतात जाणं आलं.

परवानगी नाही, तरी निघाले

त्या वेळी चीनमध्ये तांग घराण्याचा सम्राट ताइत्सुंग गादीवर होता. सरहद्दीवर तुर्कांचं भय होतं, म्हणून देशाबाहेर जायला बंदी होती. ह्युएन त्संग यांनी सोबत्यांसह अर्ज केला, तो फेटाळला गेला. सोबती मागे फिरले. हे एकटे राहिले. इ. स. ६२९ साली (काही अभ्यासक ६२७ धरतात) ते चांगआनहून पश्चिमेकडे निघाले. दिवसा लपायचं, रात्री चालायचं, असा हा प्रवास होता. वाटेत त्यांना पकडण्याचा हुकूम एका गावच्या अधिकाऱ्याच्या हाती आला. तो अधिकारी उपासक होता. त्यानं हुकूम त्यांच्यासमोरच फाडून टाकला आणि लवकर पुढं जा म्हणून सांगितलं.

सरहद्दीपलीकडे पाच पहाऱ्याचे बुरूज होते, आणि पाणी त्या बुरुजांपाशीच मिळायचं. बरोबर घेतलेल्या वाटाड्यानं रात्री सुरा उपसला आणि पुढं यायला नकार दिला. पहिल्या बुरुजापाशी ते पाणी भरत असताना सूं करत बाण आले, एक तर गुडघ्याजवळून गेला. त्यांनी ओरडून आपण भिक्खू असल्याचं सांगितलं. तिथलाही अधिकारी श्रद्धावान निघाला, त्यानं खाऊपिऊ घालून वाट दाखवली.

त्यापुढं गोबीचं वाळवंट. वर पक्षी नाही, खाली जनावर नाही, गवताची काडी नाही. वाट दाखवायला होती ती फक्त मेलेल्या जनावरांची हाडं. अशा ठिकाणी त्यांच्या हातून पाण्याची मोठी पिशवी निसटली आणि सगळं पाणी वाळूत गेलं. ते मागे वळले. काही अंतर चालून गेल्यावर त्यांना आपली प्रतिज्ञा आठवली. भारतात पोचल्याशिवाय पूर्वेकडे एक पाऊलही टाकणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. परत जगण्यापेक्षा पुढं जाऊन मरण पत्करलेलं बरं, असा विचार करून त्यांनी घोड्याचं तोंड पुन्हा पश्चिमेला वळवलं. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. ते वाळूवर आडवे झाले. पाचव्या रात्री गार वारा सुटला, थोडी तरतरी आली, घोडा उठला आणि आपल्याच वाटेनं चालू लागला. म्हातारा घोडा ती वाट अनेकदा गेलेला होता. त्यानं नेमकं पाण्याजवळ नेऊन उभं केलं.

पुढं तुर्फानच्या राजानं मोठं स्वागत केलं, पण एक नवीच अडचण उभी राहिली. राजाला त्यांना आपला राजगुरू करून कायमचं ठेवून घ्यायचं होतं. विनवण्या झाल्या, धमक्या झाल्या. ह्युएन त्संग यांनी अन्नपाणी सोडलं. तीन दिवस झाले, श्वास क्षीण झाला, तेव्हा राजा शरमला आणि पाया पडला. त्यानं नुसतं सोडलं नाही, तर ३० घोडे, वीस-पंचवीस माणसं, सोनं-चांदी, रेशमी कापड आणि वाटेतल्या २४ राज्यांसाठी २४ पत्रं दिली. बर्फात लागतील म्हणून हातमोजे, मोजे आणि तोंड झाकायचे कपडेही शिवून घेतले. आपल्याकडं उपासक भिक्खूला चीवरदान करतात, तसंच हे दान, फक्त बर्फाच्या देशातलं.

बर्फाचा डोंगर

यानंतरचा टप्पा तिएनशान पर्वताचा. कुचा या गावी त्यांना दोन महिने थांबावं लागलं, कारण घाट बर्फानं बंद होता. ते कोणत्या खिंडीतून गेले याबद्दल मतभेद आहेत, पण बरेच अभ्यासक बेदेल खिंड मानतात. तिची उंची ४,२०० मीटरच्या वर आहे. आपल्याला अंदाज यावा म्हणून सांगतो. आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरचं कळसूबाई शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच, ते १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवायची आणि तिच्यावर आणखी अर्धी ठेवायची, तेव्हा कुठं ती खिंड येईल. इतक्या उंचीवर हवा विरळ होते. चार पावलं टाकली की छाती भरून येते, डोकं दुखतं, झोप लागत नाही, अन्न जात नाही. आजचा गिर्यारोहक तिथं जाडजूड कपडे, तंबू आणि गॅसची शेगडी घेऊन जातो. ह्युएन त्संग यांच्याजवळ भिक्खूचं चीवर आणि वर पांघरलेली लोकर.

सात दिवस ते त्या बर्फातून चालले. टेकायला कोरडी जागा नाही. स्वयंपाक करायचा तर भांडं वर टांगून, आणि झोपायचं तर बर्फावरच चटई टाकून. वरून हिमकडे कोसळत. खाली उतरल्यावर मोजदाद केली तेव्हा दहा माणसांतली तीन-चार थंडीनं आणि उपासमारीनं गेलेली होती. बैल आणि घोडे त्याहून जास्त मेले. ही माणसं कोण, कुठल्या गावची, त्यांच्या आयांनी त्यांची वाट किती वर्षं पाहिली असेल, हे इतिहासात लिहिलेलं नाही. धम्मासाठी एक भिक्खू चालला असं आपण म्हणतो, तेव्हा त्याच्यासोबत ओझी वाहणारी ही बिननावाची माणसंही आठवली पाहिजेत. स्वतः ह्युएन त्संग यांना तिथं जी थंडी बाधली, तिनं त्यांचा आयुष्यभर पिच्छा सोडला नाही. म्हातारपणीही ते दुखणं उलटत असे.

बामियान आणि उद्ध्वस्त विहार

पुढं समरकंद, बल्ख करत ते हिंदुकुश पर्वतात शिरले आणि बामियानच्या खोऱ्यात आले. हे खोरं समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार मीटर उंचावर आहे. तिथं डोंगराच्या कड्यात कोरलेल्या भगवान बुद्धांच्या दोन प्रचंड उभ्या मूर्ती त्यांनी पाहिल्या. सोन्यासारख्या झळाळणाऱ्या, दागिन्यांनी मढवलेल्या, असं त्यांचं वर्णन आहे. मोठी मूर्ती जवळजवळ ५५ मीटर उंच होती. आसपास हजारो भिक्खू राहत होते. त्या मूर्ती पुढं जवळजवळ चौदा शतकं उभ्या राहिल्या आणि मार्च २००१ मध्ये तालिबाननं सुरुंग लावून त्या उडवल्या. आज तिथं कड्यात दोन रिकामे कोनाडे आहेत. त्या मूर्ती सोनेरी असताना कशा दिसत, हे आपल्याला कळतं ते मुख्यतः ह्युएन त्संग यांच्यामुळे.

पण त्यांना सगळीकडेच वैभव दिसलं असं नाही. गांधार देशात आले तर शेकडो विहार ओसाड, स्तूप पडलेले. स्वातच्या खोऱ्यात पूर्वी १,४०० विहार आणि १८,००० भिक्खू होते अशी माहिती त्यांना मिळाली, पण त्यातले बहुतेक विहार मोडलेले त्यांनी पाहिले. काश्मीरमध्ये मात्र विद्या जिवंत होती. तिथं एका वृद्ध आचार्यांकडे ते दोन वर्षं शिकले.

मग मध्यदेशात उतरले. गंगेवर चाच्यांनी पकडलं आणि देवीला बळी द्यायला निघाले. ह्युएन त्संग शांतपणे ध्यानाला बसले. एवढ्यात सोसाट्याचं वादळ सुटलं, झाडं मोडली, नावा उलटल्या, आणि घाबरलेल्या चाच्यांनी त्यांना सोडून दिलं. त्यानंतर ते ज्या भूमीसाठी आले होते ती त्यांनी पाहिली. श्रावस्ती ओसाड. कपिलवस्तू ओसाड, राजवाड्याच्या नुसत्या भिंतींचे पाये उरलेले. लुंबिनीला सम्राट अशोकाचा स्तंभ वीज पडून मधोमध मोडलेला. कुशीनगरात माणसं थोडी, विटांचे ढीग जास्त. पाटलिपुत्र पडलेलं. ज्या भूमीसाठी हाडांच्या खुणा बघत वाळवंट तुडवलं, ती भूमी अशी निघाली.

एखादा तिथंच खचला असता. ह्युएन त्संग यांनी काय केलं? मोजलं. कुठून कुठं किती ली, म्हणजे त्यांच्या देशाचं अंतराचं माप, कोणत्या दिशेला, विहार किती, त्यातले चालू किती, पडलेले किती, भिक्खू किती, कोणत्या संप्रदायाचे, स्तूप कुणी बांधला, तिथं काय घडलं. लोकांना विचारलं आणि टिपून ठेवलं. पडलेल्या भिंतीपुढं त्यांना हुंदका आला नसेल असं नाही. बुद्धगयेला बोधिवृक्षाखाली ते जमिनीवर पडून रडले. तथागतांना ज्ञान प्राप्त झालं तेव्हा आपण कुठं होतो, इतक्या उशिरा का जन्मलो, या विचारानं त्यांना भरून आलं. तेव्हा वर्षावास संपवून आसपासचे भिक्खू जमले होते, तेही गहिवरले. पण रडून झाल्यावर ते उठले आणि पुन्हा लिहू लागले.

राजगीरला गृध्रकूटावर ते चढून गेले. राजा बिंबिसारानं तथागतांच्या दर्शनासाठी डोंगरावर दगडी वाट बांधली होती. त्या वाटेवरच्या दोन लहान स्तूपांची नोंद त्यांनी केली. एका जागी राजा रथातून उतरून पायी निघाला, आणि दुसऱ्या जागी त्यानं बरोबरचा लवाजमा मागे ठेवला. बुद्धाकडं जायचं तर राजालाही पायीच जावं लागलं, हे त्या वाटेवर चालताना आजही मनात येतं.

नालंदा

नालंदेला त्या काळी हजारो विद्यार्थी आणि आचार्य होते. दारावरच विद्वान द्वारपाल प्रश्न विचारत आणि दहातले सात-आठ तिथूनच परत जात. कुलगुरू होते वयोवृद्ध आचार्य शीलभद्र. ह्युएन त्संग यांनी त्यांच्या पायाशी बसून योगाचारभूमिशास्त्र पंधरा महिने ऐकलं. ज्याच्यासाठी घर सोडलं ते हाती आलं. एकूण पाच वर्षं ते नालंदेत राहिले. संस्कृत व्याकरण, न्याय आणि इतर मतांचे ग्रंथही शिकले. पाहुण्या आचार्याला रोज तांदूळ, विड्याची पानं, सुपाऱ्या, जायफळ, कापूर असा शिधा मिळायचा. तिथला महाशाली तांदूळ टपोऱ्या दाण्याचा आणि सुवासिक होता, ही बारीक गोष्टसुद्धा नोंदलेली आहे.

हा शिधा कुठून यायचा? गावांच्या उत्पन्नातून, लोकांच्या दानातून. आपल्या त्रिरश्मीच्या लेणी क्रमांक १० मध्येही असाच हिशेब कोरलेला आहे. नहपान राजाचा जावई उषवदात यानं ३,००० कार्षापण दान दिले आणि ते गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. त्यातल्या २,००० वर महिना शेकडा एक आणि १,००० वर शेकडा पाऊण व्याज. त्या व्याजातून लेण्यातल्या वीस भिक्खूंना वर्षावासात चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे. म्हणजे भिक्खूंच्या विद्येमागे कोष्ट्यांचे माग चालत होते. नालंदा काय आणि नाशिक काय, विद्या उभी राहिली ती अशा कष्टकऱ्यांच्या हातांवर.

महाराष्ट्रात आगमन

नालंदेहून ते बंगाल, ओरिसा, आंध्र करत कांचीपर्यंत गेले. श्रीलंकेला जायचा विचार होता, पण तिथं दुष्काळ आणि गोंधळ असल्याची बातमी लागली, म्हणून वळून कोकणाकडून इ. स. ६४१ च्या सुमारास ते महाराष्ट्रात आले. त्या वेळी इथं चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. उत्तर भारत जिंकणाऱ्या हर्षवर्धनालाही इथल्या लोकांना नमवता आलं नाही, हे त्यांनी स्पष्ट नोंदवलं आहे.

आपल्या लोकांबद्दल त्यांनी जे लिहिलं ते वाचताना गंमत वाटते आणि छातीही फुगते. जमीन सुपीक, हवा उष्ण. माणसं उंच, साधी, प्रामाणिक, पण मानी. उपकार करील त्याला विसरणार नाहीत आणि अपमान करील त्याला सोडणार नाहीत. संकटात कुणी मदत मागितली तर स्वतःचं विसरून धावतील. सूड घ्यायचा तर आधी सांगून घेतील. शरण आलेल्याला मारणार नाहीत. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा म्हणजे बायकांची वस्त्रं द्यायची. (आपल्या आयाबहिणींना ही शिक्षा कशी वाटेल ते त्यांनाच विचारावं!) आणि लोकांना विद्येची आवड आहे, हेही त्यांनी आवर्जून लिहिलं आहे.

महाराष्ट्रात तेव्हा शंभरावर विहार आणि सुमारे ५,००० भिक्खू असल्याची त्यांची नोंद आहे. महायान आणि हीनयान, दोन्ही पंथांचे. राजधानीच्या आतबाहेर सम्राट अशोकाचे पाच स्तूप होते. ही राजधानी मोठ्या नदीजवळ होती असं ते लिहितात, पण तिचं नाव देत नाहीत. इतिहासकार फ्लीट यांच्या मते ती राजधानी म्हणजे आपलं नाशिक. इतर विद्वानांनी दुसऱ्या शहरांची नावं सुचवली, चालुक्यांची बदामीही त्यात आली. वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे ते आपल्या गोदाकाठी राहिले असं छातीठोकपणे सांगू नये. परंतु ते महाराष्ट्रात आले आणि इथल्या विहारांची मोजदाद करून गेले, हे निर्विवाद आहे.

राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या एका संघारामाचंही वर्णन त्यांच्या ग्रंथात आहे. अंधाऱ्या दरीत कोरलेली उंच दालनं, भिंतींवर बोधिसत्त्वाच्या चरित्रातले प्रसंग, दाराशी दगडी हत्ती, आणि हे सगळं अचल नावाच्या अर्हतानं उभारलेलं. अभ्यासकांच्या मते हे अजिंठा. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात स्थविर अचल यांचं नाव खरोखरच आहे. पुढं अजिंठा जंगलात हरवला आणि १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडला. पण बाराशे वर्षं आधीच त्याची नोंद झालेली होती.

परतीचा प्रवास आणि शेवट

सम्राट हर्षानं कनौजला मोठी धर्मसभा भरवली. अठरा दिवस ह्युएन त्संग आपलं मत मांडून बसले आणि कुणी खोडून काढू शकलं नाही. नंतर हर्षानं भारतातच राहा म्हटलं, कामरूपच्या राजानंही म्हटलं. त्यांनी नाही म्हटलं. इथलं ज्ञान तिथं न्यायचं, एवढ्यासाठीच तर आले होते. इ. स. ६४३ मध्ये ते परत निघाले. सिंधू ओलांडताना नाव कलली आणि पन्नास पोथ्या वाहून गेल्या. ते तिथंच थांबले, माणसं पाठवून त्यांच्या नकला मिळवल्या आणि मगच पुढं निघाले. पुन्हा हिंदुकुश, मग पामीरचं पठार, पुन्हा बर्फ. तुर्फानच्या राजाला परतताना भेटायचं वचन त्यांनी दिलं होतं, पण तो राजा एव्हाना वारला होता.

इ. स. ६४५ च्या आरंभी ते चांगआनला पोचले. चोरासारखा गेलेला भिक्खू परत आला तेव्हा स्वागताला रस्ते भरून गेले. बरोबर वीस घोड्यांवर लादलेले ६५७ ग्रंथ होते. सम्राटानं मंत्रीपद देऊ केलं, ते त्यांनी नाकारलं. आग्रहावरून प्रवासाचा वृत्तांत मात्र सांगितला. तो शिष्यानं लिहून घेतला आणि ६४६ साली पूर्ण झाला. पोथ्या ठेवायला ६५२ साली चांगआनमध्ये मोठा मनोरा उभा राहिला, तेव्हा पन्नाशीचे ह्युएन त्संग स्वतः टोपलीतून विटा वाहत होते.

उरलेली एकोणीस वर्षं त्यांनी भाषांतर केलं. रात्री उशिरापर्यंत काम, पहाटे उठून दुसऱ्या दिवसाच्या मजकुरावर लाल शाईनं खुणा. महाप्रज्ञापारमिता हा अवाढव्य ग्रंथ थोडक्यात उरकावा असं शिष्यांनी सुचवलं. त्यांनी एक शब्दही गाळायला नकार दिला आणि ६०० भागांचं ते भाषांतर ६६३ साली पुरं केलं. एकूण ७५ ग्रंथ, १,३३५ भाग. इ. स. ६६४ च्या आरंभी चर ओलांडताना ते पडले, पायाला मार लागला आणि थकलेलं शरीर पुन्हा उठलं नाही. सम्राट काउत्सुंगनं दरबार बंद ठेवून शोक केला. पुढं नालंदा जळाली, भारतातल्या कित्येक पोथ्या नष्ट झाल्या. अभिधर्म महाविभाषेसारखा मोठा ग्रंथ आज संपूर्ण आहे तो केवळ त्यांच्या चिनी भाषांतरात. आपल्या घरातली वस्तू आपण हरवली, ती त्यांनी सांभाळली.

१९५७ साली त्यांच्या अस्थींचा अंश भारताला मिळाला. नालंदेला त्यांचं स्मारक आहे. सहलीला गेलात तर तिथं दोन फुलं जरूर वाहा.

आपण काय घ्यायचं?

एकोणिसाव्या शतकात त्यांच्या ग्रंथाची फ्रेंच आणि इंग्रजी भाषांतरं झाली. पुरातत्त्व खात्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम ते पुस्तक हातात घेऊन, त्यातली अंतरं आणि दिशा मोजत गावोगाव फिरले. नालंदा ओळखली गेली, कुशीनगर ओळखलं गेलं. १८७६ साली तिथल्या ढिगाऱ्यातून महापरिनिर्वाणाची मूर्ती निघाली. १८९६ साली लुंबिनीचा स्तंभ सापडला, तो मोडलेलाच, जसा त्यांनी लिहिला तसा. ज्यांचा इतिहास पुसला गेला असं लोकांना वाटत होतं, त्यांचा इतिहास एका भिक्खूच्या वहीत शाबूत होता.

आता आपल्या लेण्यांकडे बघा. शिलालेखात डोंगराचं नाव स्वच्छ कोरलेलं आहे, तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी. पण लिपी वाचणारं कुणी उरलं नाही, नोंद सांगणारं कुणी उरलं नाही, आणि लोक पांडवलेणी म्हणू लागले. दगडात कोरलेलं नावसुद्धा वाचणारा नसेल तर हरवतं. मग आपल्या वस्तीतल्या आठवणींचं काय? आपला विहार उभा राहताना कुणी विटा वाहिल्या, कुणी पगारातले पैसे दिले, पहिली बुद्धवंदना कुणी म्हटली, हे सांगणारी म्हातारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्याजवळ बसा, विचारा, वहीत तारीख घालून लिहून ठेवा. आयांनाही विचारा, त्यांच्या आठवणी जास्त नेमक्या असतात.

पुढच्या वेळी लेण्यांवर चढाल तेव्हा मुलांच्या हातात एक वही द्या. लेणी किती, कोणत्या लेण्यात काय आहे, दान कुणी दिलं, ते त्यांना स्वतः मोजू द्या, लिहू द्या. ह्युएन त्संग यांना खरी मानवंदना हीच.

नमो बुद्धाय ! जय भीम !